ज्योत परीक्षणाचा तास: वाटीत स्पिरिट नको, भिजवलेली काडी घ्या

भाताचं पाणी उतू गेलं की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. ज्योत परीक्षणाचा, म्हणजे ज्योतीच्या रंगावरून क्षारातला धातू ओळखण्याचा तास मी नेहमी इथूनच सुरू करते. "घरी काय उतू गेल्यावर ज्योत पिवळी होते?" असं विचारलं की वर्गभर हात वर होतात. भात, वरण, दूध, कुकरच्या शिट्टीतून उडालेलं पाणी. मग विचारायचं, या सगळ्यांत सारखं असं काय आहे? थोडी चुळबुळ होते आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, "मीठ?" दूधवालं पोर लगेच हरकत घेतं, दुधात कुठे मीठ घालतात! त्यालाही उत्तर द्यावं लागतं, की सोडियम दुधात मुळातच असतं. तोवर वर्ग जागा झालेला असतो.

हा लेख त्या शिक्षकांसाठी आहे ज्यांनी हा प्रयोग पुस्तकात वाचला आहे, स्वतः विद्यार्थी असताना परीक्षेत एकदोनदा केला आहे, पण भरलेल्या वर्गापुढे कधी दाखवलेला नाही. साहित्य थोडं लागतं, खर्च फारसा नाही आणि अंधारात मोरपंखी ज्योत पाहिलेलं मूल ती विसरत नाही. फक्त एक गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी.

आधी, काय करायचं नाही

विज्ञान प्रदर्शनात आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंमध्ये हा प्रयोग बहुतेक वेळा असा दिसतो: टेबलावर ओळीनं पाच-सहा वाट्या, प्रत्येकीत चमचाभर क्षार, त्यावर मिथेनॉल किंवा स्पिरिट ओतायचं आणि काडी लावायची. रंगीत ज्योतींची रांग उभी राहते. दिसायला अप्रतिम. हे करू नका. कितीही अनुभवी असलात तरी करू नका.

अपघात पहिल्यांदा पेटवताना फारसा होत नाही. तो होतो एखादी वाटी विझत आल्यावर. मुलं म्हणतात, "बाई, हिरवा परत दाखवा ना!" आणि आपण बाटली उचलून वाटीत थोडं ओततो. वाटी विझली आहे असं आपल्याला वाटतं, पण मिथेनॉलची स्वतःची ज्योत उजेडात जवळजवळ दिसतच नाही. ओतताना वाफ पेटते, ज्योत धारेवरून बाटलीत शिरते आणि बाटलीतलं पेटतं द्रव पिचकारीसारखं समोर उडतं. समोर मुलं बसलेली असतात. मिथेनॉलची वाफ ठिणगीनं पेटू शकते ते तापमान आहे साधारण ११ अंश सेल्सियस, स्पिरिटमधल्या इथेनॉलचंही त्याच्या आसपासच. आपल्याकडचा दुपारचा वर्ग वर्षभर याहून गरमच असतो. म्हणजे उघडी बाटली टेबलावर आहे तोवर धोका आहे.

हे काल्पनिक भय नाही. २०१४ या एकाच वर्षात अमेरिकेत न्यूयॉर्क, रीनो आणि डेन्व्हर इथे मिथेनॉल पेटवून केलेल्या प्रात्यक्षिकांत मुलं भाजली. त्यानंतर अमेरिकन केमिकल सोसायटीनं वाट्यांचा हा प्रयोग मिथेनॉल घेऊन करणं थांबवा, असं शिक्षकांना सांगितलं. सॅनिटायझर पेटवून रंग दाखवणं ही त्याचीच धाकटी बहीण. त्यातही अल्कोहोलच असतं. हाताला लावलेलं सॅनिटायझर पूर्ण वाळल्याशिवाय ज्योतीजवळ जायचं नाही, हेही वर्गाला सांगा.

हेच रंग भिजवलेल्या काडीनं दाखवता येतात. ज्योत एकच, बर्नरची. ती तुमच्या हाताखाली असते, नळ फिरवला की बंद. ओतण्यासारखं टेबलावर काही नसतंच. पुढचा सगळा लेख या काडीबद्दल आहे.

खोली आणि बर्नर

खोली अर्धवट अंधारी हवी. पूर्ण काळोख नको, कारण तुम्हाला टेबल दिसलं पाहिजे आणि मुलांना दार. खिडक्यांना जुनी चादर किंवा काळा कागद लावा, पण कापड बर्नरपासून लांब. ज्योतीमागे काळा पुठ्ठा उभा करा. पिवळट भिंतीपुढे पोटॅशियमचा रंग हमखास हरवतो. पंखा बंद. त्यानं ज्योत हलते आणि धूळही उडते, आणि धुळीत सोडियम असतं. पुढचा बाक ज्योतीपासून निदान दोन मीटर मागे घ्या. "बाई, जरा जवळ येऊ का?" असं मुलं विचारणारच. उत्तर ठरवून ठेवा: जवळ येता येईल, पण आपापल्या पाळीनं, चष्मा लावून.

बर्नर बुन्सनचा असला तर उत्तम, सिलिंडरच्या गॅसवर चालणारा पुरे. हवेचं छिद्र पूर्ण उघडायचं. मग ज्योत निळी, जवळजवळ पारदर्शक होते. अशी ज्योत मिळवण्यासाठीच रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सन यांनी हायडेलबर्गला १८५५ च्या सुमारास पेटर देसागा या कारागिराकडून हा बर्नर घडवून घेतला. रंग पाहायचा तर ज्योतीला स्वतःचा रंग नको, इतकी साधी गरज होती. स्पिरिटच्या दिव्यावर हा प्रयोग निराश करतो. त्याची ज्योत थंड असते आणि मुळातच पिवळसर, त्यामुळे सोडियम, तांबं आणि स्ट्रॉन्शियम कसेबसे दिसतात, बाकीचं अंदाजानं. शिवाय त्यात पुन्हा स्पिरिट भरण्याचा मोह होतो. शाळेत बर्नर नसेल तर एका बर्नरची लहान गॅस शेगडीही चालते, फक्त तिची ज्योत निळी आणि स्थिर हवी.

टेबलावर ओलं सुती फडकं, वाळूची बादली, पाण्यानं अर्धा भरलेला पत्र्याचा डबा (जळक्या काड्या टाकायला) आणि हाताच्या अंतरावर अग्निशामक. केस बांधलेले, ओढणी खोचलेली, अंगावर सुती कपडे. तुमच्या डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवाच. तुम्ही लावला नाहीत तर मुलं का लावतील?

क्षार कुठून आणायचे, कोणता रंग येतो

सगळ्यांत चांगले म्हणजे धातूंचे क्लोराइड. ज्योतीत त्यांची वाफ लवकर होते, म्हणून रंग लगेच येतो. सल्फेट आणि फॉस्फेट आळशी असतात. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात लिथियम, पोटॅशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि तांबं यांची क्लोराइड मिळतात. प्रत्येकाचं २५ ग्रॅमचं लहान पाकीट कितीतरी तासांना पुरतं.

पुस्तकातली रंगांची नावं मुलांना फारशी मदत करत नाहीत. 'किरमिजी' म्हणजे नक्की कोणता, यावर शिक्षकांचंही एकमत होणार नाही. मी वर्गात त्यांच्या ओळखीचे रंग वापरते, आणि त्याआधी त्यांनाच नाव द्यायला सांगते.

सोडियम पिवळा, रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्यांसारखा. त्या दिव्यांतही हेच सोडियम. घरातलं मीठ पुरेसं आहे.

पोटॅशियम फिकट जांभळा, वांग्याच्या फुलासारखा. हा सगळ्यांत लाजरा, चिमूटभर सोडियमनंही झाकला जातो. पोटॅशियम क्लोराइड खताच्या दुकानात म्युरेट ऑफ पोटॅश म्हणून मिळतं. लालसर दाणे पाण्यात विरघळवून गाळून घ्या. पण त्यात थोडं सोडियम असतंच, त्यामुळे दुकानातला शुद्ध क्षार मिळाला तर तोच वापरा. तुरटीत पोटॅशियम असतं म्हणून काही जण ती घेतात. ती सल्फेट असल्यानं रंग फिका पडतो, आणि बाजारातली प्रत्येक तुरटी पोटॅशियमचीच असते असंही नाही.

लिथियम गुलबक्षीकडे झुकणारा लाल, स्ट्रॉन्शियम डाळिंबाच्या दाण्यासारखा गडद लाल. हे दोन शेजारी शेजारी दाखवा, फरक तेव्हाच कळतो. कॅल्शियम विटकरी. तो ठिणगीसारखा उसळतो आणि पटकन जातो, म्हणून मुलांना आधीच सांगावं, "आता डोळे मिटू नका." दुकानातलं कॅल्शियम क्लोराइड नसेल तर पानाचा चुना चिमूटभर घेऊन त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका, कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण तयार होतं. हे काम तुम्ही करायचं, मुलांनी नाही. फळ्यावरचा खडू इथे बहुधा फसवतो, कारण हल्लीचे बरेच खडू जिप्समचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे असतात.

बेरियम पिवळसर फिका हिरवा, कैरीच्या सालीसारखा. त्याला ज्योतीत जरा वेळ धरावं लागतं. पाण्यात विरघळणारे बेरियमचे क्षार विषारी आहेत. आठवी-नववीच्या वर्गात मी बेरियम वापरत नाही. त्याऐवजी बोरिक पावडर घेते, कॅरम बोर्डवर टाकतो तीच. ओल्या काडीला ती चिकटवून ज्योतीत धरली की ज्योतीच्या कडेला स्वच्छ हिरवा रंग चढतो. पावडरच्या डब्यावर बोरिक ॲसिड लिहिलेलं आहे एवढं पाहा. दिवाळीच्या शोभेच्या दारूतला हिरवा मात्र बेरियमचा असे. सर्वोच्च न्यायालयानं फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरायला बंदी घातली आहे, हे अकरावीच्या मुलांना सांगण्यासारखं.

आणि तांबं. मोरचूद, शेतात बोर्डो मिश्रणाला लागतं ते. भाषेनं या क्षाराच्या नावात आधीच मोर ठेवला आहे आणि ज्योतही मोरपंखी येते! मोरचुदाची ज्योत हिरवीकडे जाते. काडीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकून परत धरलीत तर निळी झाक वाढते, कारण तेव्हा तांब्याचं क्लोराइड ज्योतीत असतं. पूर्ण तासात मुलं सगळ्यात जास्त वेळ याच ज्योतीकडे बघत राहतात. म्हणून हिला तासाच्या मध्यावर ठेवा.

मॅग्नेशियम मुद्दाम दाखवा, कारण त्याचा रंग येतच नाही. त्याच्या इलेक्ट्रॉनला उचलायला लागणारी ऊर्जा मोठी आहे, आणि बाहेर पडणारा प्रकाश अतिनील भागात जातो, आपल्या डोळ्यांपलीकडे. परीक्षेत हा प्रश्न आवडीनं विचारतात. मॅग्नेशियमची फीत लख्ख पांढरी जळते ती गोष्ट वेगळी; तिथे धातू स्वतः जळत असतो.

काड्या आदल्या दिवशी

प्रत्येक क्षार साधारण ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, ५० मिलीलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. पोटॅशियम दुप्पट घ्या. मीठ मात्र अर्धा चमचाही पुष्कळ. पाणी नळाचं नको, त्यात सोडियम आणि कॅल्शियम दोन्ही असतात. गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर गॅरेजमध्ये मिळतं, ते चालतं. बोरिक पावडर पाण्यात फारशी विरघळत नाही, तिला कोरडीच ठेवा.

काड्यांसाठी बांबूच्या सळया घ्या, नाहीतर आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून. उदबत्तीच्या कारखान्यातल्या, मसाला न लावलेल्या काड्या मिळाल्या तर फारच छान. लाकडात स्वतःचं पोटॅशियम-सोडियम असतं, म्हणून काड्या आधी दोनदा पाणी बदलून ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवा. मग प्रत्येक द्रावणात पाच-सहा काड्या रात्रभर उभ्या ठेवा. कापसाचे इअरबडही चालतात, फक्त त्यांची दांडी कागदाची किंवा लाकडाची हवी. जुन्या प्लॅस्टिकच्या दांडीचे असतील तर ते वितळून ठिबकतात.

प्रत्येक बाटलीवर आणि प्रत्येक ग्लासवर नाव लिहा. मोरचूद सोडलं तर सगळी द्रावणं पाण्यासारखीच दिसतात. एका काडीचं टोक दुसऱ्या द्रावणात बुडलं की दोन्ही गेली. मिठाचा ग्लास तर मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवते.

एवढी सोवळ्यातली काळजी का, ते माझ्या पहिल्या तासाला कळलं. क्षार चांगले होते, बर्नर चांगला होता आणि आठच्या आठ काड्या पिवळ्या जळल्या. वर्ग शांत बसला होता. मुलांना वाटलं असंच असतं. मला रात्री उलगडा झाला: मधल्या सुट्टीत डबा खाऊन, हात नुसते पाण्यानं धुऊन मी काड्यांची टोकं चाचपली होती. बोटांवरचा घाम आणि भाजीतलं मीठ एवढं पुरलं. तेव्हापासून काडी नेहमी कोरड्या टोकाकडून, आणि शक्यतो चिमट्यानं.

सोडियमची ही चिकाटी बुन्सन आणि भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाफ किरखॉफ यांनी १८६० साली मोजून दाखवली होती. ६० घनमीटरच्या खोलीच्या एका कोपऱ्यात त्यांनी अवघं ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुग्धशर्करेबरोबर स्फोट करून उडवलं आणि दुसऱ्या टोकाच्या ज्योतीकडे वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाश फाकवून त्यातल्या रंगांच्या रेषा दाखवणाऱ्या उपकरणातून, पाहत बसले. काही मिनिटांत सोडियमची पिवळी रेषा उजळली. हिशेब केल्यावर आकडा निघाला: मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहूनही कमी सोडियम ज्योतीत आलं तरी ते ओळखता येतं. ही गोष्ट वर्गात सांगा, आणि मग मुलं तुमच्यापेक्षा जास्त काटेकोरपणे काड्या हाताळतात की नाही ते पाहा.

आदल्या दिवशी एकट्यानं पूर्ण प्रयोग करून पाहायचा. एकही काडी न वगळता. रंगीत तालीम म्हणतात ती हीच.

प्रत्यक्ष तास

पहिली काडी कोरीच, फक्त ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेली. तिनं ज्योतीचा रंग किती बदलतो ते मुलांनी पाहून वहीत लिहावं. काडी अगदी स्वच्छ असली तरी थोडी पिवळी झाक येते; ती लपवू नका. पुढच्या प्रत्येक रंगातून ती झाक वजा करायची, हे इथेच समजतं.

मग क्रम असा: पोटॅशियम, लिथियम, स्ट्रॉन्शियम, तांबं, कॅल्शियम, बोरिक पावडर किंवा बेरियम, आणि सगळ्यात शेवटी सोडियम. पोटॅशियम आधी, कारण ज्योत आणि हवा तेव्हा सगळ्यात स्वच्छ असते. सोडियम शेवटी, कारण ते एकदा आलं की खोलीतून लवकर जात नाही.

काडीचं ओलं टोक ज्योतीच्या मध्ये खुपसायचं नाही. बाहेरच्या कडेला, ज्योतीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागाजवळ आडवं धरायचं. रंग तिथून वर ज्योतीभर पसरतो. पाणी आहे तोवर लाकूड जळत नाही; ते वाळून काळं पडायला लागलं की काडी बाहेर, सरळ पाण्याच्या डब्यात. जळत्या लाकडाची ज्योत पिवळी असते आणि मुलं तोच क्षाराचा रंग समजून लिहितात. एका काडीला दहाएक सेकंद मिळतात. म्हणून प्रत्येक क्षाराच्या निदान तीन काड्या हाताशी ठेवा आणि दोन काड्यांमध्ये मुलांना लिहायला वेळ द्या.

मध्येच एक जोडी दाखवायला विसरू नका. मीठ आणि खाण्याचा सोडा: दोन्ही पिवळे. मग मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड: एक पिवळा, एक जांभळा. पहिल्या जोडीत धातू तोच, क्लोराइड बदललं. दुसरीत क्लोराइड तेच, धातू बदलला. रंग कुणाचा, हे मुलांना स्वतःहून म्हणू द्या. सांगायची घाई करू नका. या दोन मिनिटांसाठी बाकीचा पूर्ण तास खर्ची पडला तरी हरकत नाही. सैंधव आणि समुद्राचं मीठ यांचीही अशीच जोडी लावा. गुलाबी सैंधवाचीही ज्योत पिवळीच.

वर्गात एखाद्या मुलाला, बहुधा मुलग्याला, लाल-हिरव्यातला फरक दिसत नसतो. त्याला बऱ्याचदा स्वतःला ते माहीत नसतं. सगळ्यांदेखत "तुला हिरवं दिसत नाही?" असं विचारू नका. रंगांऐवजी 'पहिल्यापेक्षा उजळ की मंद, पटकन येतो की सावकाश' अशी नोंदही मान्य करा, आणि त्याला पुढे सांगितलेला सीडीचा वर्णपट पाहायला द्या. तिथे रेषेची जागा बघायची असते.

रंग का येतो

लहान वर्गाला एवढं पुरे: उष्णतेनं अणूतला बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो, खाली उतरताना घेतलेली ऊर्जा प्रकाश म्हणून परत देतो. प्रत्येक धातूच्या पायऱ्यांची उंची वेगळी, म्हणून प्रत्येकाचा रंग वेगळा. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर, तो नेहमी तेवढाच.

अकरावीला मात्र एक जास्तीची गोष्ट प्रामाणिकपणे सांगावी. कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम यांच्या ज्योतीतला बराचसा रंग सुट्या अणूंचा नसून ज्योतीत क्षणभर तयार होणाऱ्या त्यांच्या हायड्रॉक्साइडसारख्या रेणूंचा असतो. तांब्याची निळाई तांबं-क्लोरीनच्या रेणूची. हुशार मुलं विचारतात की मग क्लोराइडनं तांब्याचा रंग बदलला कसा, धातूच रंग ठरवतो ना? या प्रश्नाला "अपवाद आहे" म्हणून वाटेला लावू नका.

निळी काच आणि जुनी सीडी

कोबाल्टची निळी काच सोडियमचा पिवळा शोषून घेते आणि जांभळा, गडद लाल तेवढा पलीकडे जाऊ देते. तिचा खरा उपयोग पाहायचा तर 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ आणा. त्यात मिठाबरोबर पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. उघड्या डोळ्यांना त्याची ज्योत पिवळी. काचेतून पाहिली की जांभळी. ज्या मुलांच्या घरी आजोबांना रक्तदाबासाठी हेच मीठ देतात, ती मुलं घरी जाऊन पाकिटावरचं बारीक अक्षर वाचतात.

काच नसेल तर सीडी आहे. सीडीवरच्या खाचा १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात, म्हणजे एका मिलिमीटरात ६२५. त्या प्रकाश फाकवतात. बुटांचा खोका घ्या, एका टोकाला काळ्या कागदाच्या दोन सरळ कडांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची उभी फट ठेवा, समोरच्या टोकाला सीडी साधारण ६० अंशात तिरकी लावा आणि वरून पाहायला भोक पाडा. ट्यूबलाइट पाहून खोका नीट लागला का तपासा. मग फट सोडियमच्या ज्योतीकडे वळवली की बाकीचा पट्टा मावळतो आणि एकच पिवळी रेषा उरते. खोक्याला डोळा लावायचा तो दोन मीटरवरूनच.

अशाच रेषा पाहून बुन्सन आणि किरखॉफ यांना १८६० मध्ये सीझियम सापडलं, पुढच्या वर्षी रुबिडियम. सीझियमसाठी ४० टनांहून अधिक खनिजजल आटवून हाती आले ते जेमतेम काही ग्रॅम क्षार. आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात गुंटूरहून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सन यांनी सूर्याच्या कडेच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. त्यांतली पिवळी रेषा सोडियमच्या रेषेशेजारी होती, पण तिच्यावर बसत नव्हती. तीच हेलियमची रेषा. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून जे चौथरे दाखवतात ते याच ग्रहणाच्या आठवणीशी जोडलेले आहेत. कोकणात सहल नेणार असाल तर ज्योत परीक्षणाचा तास सहलीआधी घ्या.

अकरावी-बारावीसाठी तार

क्षार-विश्लेषणात तारेनंच काम करायचं असतं. प्लॅटिनम महाग, म्हणून नायक्रोम. टोकाला लहानसं कडं वळवा, तार संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवा, ज्योतीत तापवा, परत बुडवा, परत तापवा. ज्योतीला काही रंग येईनासा होईपर्यंत. पाच-सात वेळा करावं लागतं आणि विद्यार्थी दोन वेळांत कंटाळतात, म्हणून निकाल चुकतात. आम्ल घड्याळकाचेवर (वॉच ग्लासवर) थोडंसं घ्यायचं. तार बाटलीत बुडवली की पूर्ण बाटली बिघडते. मग वॉच ग्लासवर क्षार आणि आम्लाचा थेंब यांची पातळ लापशी करून कड्यावर घ्या. संहत आम्लाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, तेव्हा खिडक्यांची चादर इथे काढून टाकावी, रंग थोडा फिका दिसला तरी चालेल.

आवराआवर

आधी गॅस बंद, बर्नरचा नळ आणि सिलिंडरचा रेग्युलेटर दोन्ही. काड्या पाण्याच्या डब्यात तासभर राहू द्या, मग कचऱ्यात. बेरियमच्या काड्या आणि उरलेलं द्रावण वेगळं ठेवा. त्या द्रावणात एप्सम सॉल्टचं, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटचं द्रावण भरपूर घातलं की पांढरा साका बसतो. तो बेरियम सल्फेट, पाण्यात न विरघळणारा. पोटाच्या एक्स-रेआधी रुग्णाला पाजतात तेच. साका गाळून, वाळवून, नाव लिहून प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्या. मोरचुदाचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, ते मासे आणि शेवाळ मारतं; झाकण लावून पुढच्या तुकडीसाठी ठेवा, वर्षानुवर्षं टिकतं.

टेबल ओल्या फडक्यानं पुसा. सगळ्यांनी साबणानं हात धुवावेत, डब्याआधी तर नक्कीच. कुणाला चटका बसला असेल तर २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांतलं काही लावू नका. फोड आला किंवा चटका तळहाताएवढा मोठा असला तर सरळ दवाखाना, आणि पालकांना त्याच दिवशी फोन.

उरलेली द्रावणं घट्ट झाकणाच्या बाटल्यांत भरून चिठ्ठीवर क्षाराचं नाव, तारीख आणि 'विषारी' असेल तर तसं लाल अक्षरात लिहा. बाटल्या कुलपात ठेवा. मिठाची बाटली वेगळ्या कप्प्यात.